‘वाढ आहे’ म्हणजे नेमकं काय आहे?

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा काही शिक्षकांची बैठक यंदा कुडाळजवळ भरली होती. विषय साधा होता. पेशींच्या वाढीवरचा धडा मराठीतून समजावताना कोणते शब्द वापरायचे, एवढंच ठरवायचं होतं. पण अर्ध्या तासात गाडी ‘कॅन्सर’ म्हणायचं की ‘कर्करोग’ यावर येऊन अडकली आणि जेवणाची वेळ झाली तरी तिथून हलली नाही. एक बाजू म्हणत होती, मध्य प्रदेशाने २०२२ साली एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत काढून दाखवली, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, आता तरी उसने शब्द टाकून द्या. दुसरी बाजू म्हणत होती, विज्ञान जगभर इंग्रजीत चालतं, तुमचे संस्कृत शब्द पोरांना पाठ करायला लागतात आणि बारावीनंतर त्यांचा काडीचा उपयोग होत नाही. दोन्हीकडे मी मान देतो अशी माणसं होती, म्हणून त्या दिवशी गप्प बसलो. पण दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत होत्या, हे मला आता स्पष्ट सांगायला हवं.

‘कॅन्सर’ आणि ‘कर्करोग’ ही एकाच कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, दोन नावं आहेत. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी न भरणाऱ्या, चिवट गाठींना ‘कार्किनोस’ म्हटलं. कार्किनोस म्हणजे खेकडा. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने ग्रीक वैद्यक लॅटिनमध्ये आणलं, तेव्हा तिथल्या खेकड्याचं नाव लागलं: कॅन्सर. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनने कारणही दिलं, की स्तनाच्या गाठीभोवती फुगलेल्या शिरा चहूबाजूंनी पसरतात त्या खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. आपण तोच प्राणी संस्कृतात नेला, ‘कर्क’ केला, आणि त्याला ‘रोग’ जोडला. म्हणजे ज्यांना ‘कर्करोग’ अस्सल वाटतो ते ग्रीक उपमेचं भाषांतर जपत आहेत, आणि ज्यांना ‘कॅन्सर’ शास्त्रीय वाटतो ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका दिसण्यावर विसंबले आहेत. यातला कुठलाही शब्द निवडला तरी विद्यार्थ्याला किंवा रुग्णाला जास्त काही कळत नाही. मराठीत उणीव आहे ती या नामाची नाही. उणीव ही आहे, की शरीरात पेशी वाढण्याचे जे अगदी वेगवेगळे प्रकार आहेत त्या सगळ्यांना आपण एकच शब्द वापरतो: वाढ.

याची झळ मी शेजारी पाहिली आहे. आमच्या वाडीतल्या एका काकीला पोटात दुखायचं म्हणून तालुक्याच्या गावी तपासायला नेलं, तेव्हा सोबत मी होतो. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद बघितला आणि म्हणाले, “ग्रोथ दिसतेय, पुढे दाखवा.” बाहेर आल्यावर काकीने विचारलं, काय म्हणाले? मी घाबरून इंग्रजी शब्दाचं मराठी केलं: वाढ आहे म्हणाले. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “वाढ आसा म्हणजे बराच मां रे झिला?” म्हणजे चांगलंच ना, बाळा? जन्मभर भात लावलेली बाई. तिच्या भाषेत वाढ म्हणजे पोर अंग धरतं ती, माड उंच होतो ती, पानात वाढतात तीसुद्धा. वाढ वाईट असते असं तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर खोटं बोलले नव्हते आणि मीही नाही. तरी त्या वाक्यातून तिला जे कळलं ते सत्याच्या उलट होतं.

आता त्या एका ‘वाढी’च्या पोटात काय काय आहे ते बघा. मालवणच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्या माणसाचे दंड भरलेले असतात. तिथे मुख्यतः स्नायूंच्या पेशी जाड झालेल्या असतात. त्यांची संख्या फारशी बदललेली नसते. याला हायपरट्रॉफी म्हणतात. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की हृदयाची भिंत जाड होते तीही हीच. दुसरा प्रकार हायपरप्लेझिया. इथे पेशींची संख्या वाढते, पण कुणाच्या तरी सांगण्यावरून वाढते. गरोदरपणात स्तनातल्या ग्रंथी वाढतात त्या संप्रेरकांच्या हुकमाने, आणि हुकूम थांबला की त्याही आवरतं घेतात. तिसरा प्रकार निओप्लेझिया. इथे हुकूम असो नसो, पेशी वाढतच राहतात. यातही काही गाठी जागा सोडत नाहीत आणि काही आजूबाजूच्या मांसात घुसतात, रक्तातून नि लसिकेतून दूर जाऊन बसतात. या घुसणाऱ्या, पसरणाऱ्या गाठींना आपण कॅन्सर म्हणतो. आणि पेशी विभागून त्यांची संख्या वाढणं, म्हणजे प्रोलिफरेशन, हा तर मुळात आजारच नव्हे. आपल्या हाडांच्या मगजात ते या क्षणीही चालू आहे, म्हणून आपण जिवंत आहोत.

या सगळ्याला ‘वाढ’ म्हटल्याने काय होतं? साठी उलटलेल्या पुरुषांना होणारा प्रोस्टेटचा त्रास घ्या. ‘प्रोस्टेटची वाढ’ म्हणजे बहुतेक वेळा ती साधी हायपरप्लेझिया. लघवीला त्रास देते, पण कॅन्सर नसते. ‘प्रोस्टेटमध्ये वाढ’ म्हणजे तिथे गाठ आहे आणि ती कसली हे बघायला हवं. फरक फक्त ‘ची’ आणि ‘मध्ये’ यांचा. दवाखान्यातून एसटीने घरी येईपर्यंत तो प्रत्यय कुणाच्या लक्षात राहणार? मग एका घरात साध्या त्रासासाठी रडारड होते आणि दुसऱ्या घरात खऱ्या आजाराला ‘वयाप्रमाणे वाढ असतेच’ म्हणून सहा महिने घरात ठेवतात.

इंग्रजीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. पॅथॉलॉजीचा अहवाल रत्नागिरीत लिहिलेला असो की टोकियोत, त्यातला ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ (ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर) एकच असतो, आणि त्या एका शब्दावर औषध ठरतं. तिथे कुणी हौसेने भाषांतर केलं आणि दोन तालुक्यांत दोन शब्द झाले, तर माणूस दगावेल. अहवालातला शब्द जागतिकच राहिला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण यावरून पुढे जे म्हटलं जातं, की इंग्रजी शब्द मुळातच नेमके असतात आणि मराठी शब्द मुळातच ढोबळ, ते मात्र खोटं आहे. इंग्रजीतले हे शब्द ग्रीक नि लॅटिन माणसांच्या अंगणातले, स्वयंपाकघरातले, कुंभारवाड्यातले आहेत. ‘ट्रोफे’ म्हणजे पोषण. हायपरट्रॉफी म्हणजे अतिपोषण. रक्तदाबाच्या रुग्णाचं हृदय काय जास्त खाऊन जाड होतं? ‘प्लासेन’ म्हणजे माती मळून आकार देणं. प्लास्टिक आणि हायपरप्लेझिया या एकाच मातीच्या वस्तू. ‘मायटोस’ म्हणजे धागा. १८८२ साली वाल्थर फ्लेमिंगला विभागणाऱ्या पेशीत रंग धरलेले धागे दिसले, म्हणून मायटोसिस. ‘ट्यूमर’ म्हणजे नुसती सूज. ‘ओंकोस’ म्हणजे ओझं, त्यावरून ऑन्कॉलॉजी. आणि खुद्द ‘सेल’? १६६५ साली रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला, त्याला रिकामे कप्पे दिसले आणि त्याने छोट्या खोलीचं नाव दिलं. त्या खोल्या रिकाम्या होत्या, कारण त्यातला जीव केव्हाच गेला होता. ज्या गोष्टीवर सगळं जीवशास्त्र उभं आहे तिचं नाव मेलेल्या सालीच्या भिंतींवरून पडलेलं आहे.

मग हे शब्द नेमके झाले कसे? वापरून झाले. रुडॉल्फ फिरखोव्हने १८५८ मध्ये पेशींच्या विकृतीवरची व्याख्यानं प्रसिद्ध केली, तेव्हा पेशी आकाराने वाढणं आणि संख्येने वाढणं या दोन गोष्टी शब्दांनी वेगळ्या केल्या. कुंभाराची माती नि दायीचं पोषण त्या शब्दांतून गळून पडलं आणि भिंगाखाली जे दिसतं तेवढं उरलं. नेमकेपणा शब्दाच्या जन्मात नसतो. लोक तो शब्द कशाला लावतात आणि कशाला लावू देत नाहीत, यातून तो येतो. याचा पुरावा आपल्याच पुस्तकात आहे. संस्कृतात ‘पेशी’ म्हणजे मांसाचा गोळा, आणि हिंदीत अजून ‘मांसपेशी’ म्हणजे स्नायूच. मराठीने तो शब्द उचलला, ‘सेल’ला लावला, स्नायूला स्नायू ठेवला, आणि आज सातवीतल्या मुलालाही पेशी म्हणजे काय यात गोंधळ होत नाही. हिंदीत तिलाच ‘कोशिका’ म्हणतात, आणि तिथेही गोंधळ होत नाही. गुणसूत्राचं तर उदाहरण अभिमानाने द्यावं असं. वाल्डेयरने १८८८ साली ‘क्रोमोसोम’ म्हटलं ते केवळ रंग धरणारा पिंड म्हणून. मराठी-हिंदीतला ‘गुणसूत्र’ हा शब्द ते सूत्र काय वाहून नेतं तेच सांगतो. इथे उसन्या शब्दापेक्षा घडवलेला शब्द सरस आहे, आणि हे इंग्रजीवाल्यांनी मान्य करायला हवं.

आता दुसरी बाजू. त्यांचा भक्कम मुद्दा असा, की संस्कृतातून शब्दांची कुटुंबं तयार होतात. पेशी म्हटलं की पेशीद्रव, पेशीभित्तिका, बहुपेशीय असे शब्द आपसूक येतात. ‘गाठ’ या शब्दावरून असं काही उभं करता येत नाही. हे खरं आहे. ते सुश्रुताचाही दाखला देतात, आणि तोही पोकळ नाही. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचं, म्हणजे गाठीचं, जे वर्णन आहे ते वाचून मी थांबलो होतो: गोल, घट्ट बसलेलं, थोडं दुखणारं, मोठं, मुळं खोल असलेलं, हळूहळू वाढणारं आणि न पिकणारं. बोटांनी चाचपून पाहणाऱ्या माणसाने यापेक्षा चांगलं काय लिहायचं? पण सुश्रुताकडे भिंग नव्हतं. अर्बुदात साधी गाठही येते आणि जीवघेणीही. त्या शब्दाला आज पेशींचा अर्थ द्यायचा तर तो आपल्यालाच नव्याने द्यावा लागेल, आणि द्यायचाच असेल तर ज्याचा उच्चार ऐकून माणूस ‘अब्जाधीश’ आठवतो असा शब्द का घ्यायचा? शिवाय रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर गाठच नसते. ल्युकेमिया या नावाचा अर्थ ‘पांढरं रक्त’ एवढाच, तेही फिरखोव्हनेच दिलेलं. अर्बुद म्हणा, ट्यूमर म्हणा, गाठ म्हणा. तिथे ही सगळी नावं सारखीच अपुरी पडतात.

शब्द वरून दिल्याने रुजतात का, याचा आपल्याकडे पुरेसा अनुभव आहे. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव. त्या राज्यकर्त्याइतका अधिकार पुढे कुणाच्या शब्दाला आला? आणि तरीही १७१३ साली आमच्याच श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांना ते पद मिळालं, तेव्हा लोक त्यांना पेशवेच म्हणाले आणि आजही म्हणतात. ‘कागद’, ‘दप्तर’, ‘फौज’ कुठे गेले? कुठेच नाही. पण ‘सचिव’ मात्र आज मंत्रालयात बसतो. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. त्यांच्या नावावर असलेला ‘महापौर’ घराघरांत गेला. पण त्या चळवळीतल्या कितीतरी शब्दांची आज आठवणही नाही. मला यात एक रीत दिसते. जिथे लोकांच्या तोंडी शब्द नव्हता तिथे नवा शब्द बसला. जिथे होता, तिथे तो हटला नाही. ‘कॅन्सर’ हा शब्द वाडीवाडीतल्या तोंडी आहे. त्याला हटवण्यात शक्ती घालवू नका. ज्या जागा मोकळ्या आहेत तिथे शब्द द्या.

मग त्या जागांवर घरचे, रोजचे शब्द घालावेत का? माझं उत्तर हो आहे, पण डोळे मिटून नाही. घरचा शब्दही फसवतो. आमच्याकडे कॅन्सर समजावताना हमखास बांडगुळाची उपमा देतात. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ बसतं, त्याचा रस पितं, फांदी सुकवतं. ऐकणाऱ्याला पटतं, कारण प्रत्येक बागेत त्याने ते पाहिलेलं असतं. पण बांडगूळ हे दुसरं झाड आहे. पक्ष्याने त्याचं बी आणून टाकलेलं असतं. कॅन्सरची पेशी परकी नसते. ती आपलीच, आपल्याच पेशीपासून झालेली. बांडगूळ म्हटलं की बाहेरून काहीतरी आलं असा समज होतो, आणि त्यातून पुढचा समज: रोग्याच्या ताटात जेवू नये. ही उपमा रुग्णाला एकटं पाडते. दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून ‘माकडताप’ हा शब्द आला, तोही असाच दुधारी. रानात माकड मेलेलं दिसलं की सावध व्हा, एवढं त्या शब्दाने उत्तम शिकवलं. पण ताप माणसाला देते ती गोचीड, आणि ती शब्दात कुठेच नाही. म्हणून आरोग्य सेविकांना अजूनही घरोघरी गोचिडीबद्दल वेगळं सांगावं लागतं.

तेव्हा उपमा निवडताना ती कुठे तुटते ते आधी बघायला हवं. वर्गात मी अलीकडे भाताकडे वळलो आहे. भाताची वाढ शेतकरी एका शब्दात कधी सांगत नाही. दाणा भरतो. रोपाला फुटवे येतात. आणि खत जास्त झालं, की पीक माजतं: हिरवंगार, उंच, नुसता पाला, आणि कणसात काही नाही. भरणं, फुटणं, माजणं. हायपरट्रॉफी म्हणजे पेशी भरतात. हायपरप्लेझिया म्हणजे पेशींना फुटवे येतात. निओप्लेझिया म्हणजे पेशी माजतात. गंमत अशी, की प्रोलिफरेशन या शब्दाच्या मुळाशीसुद्धा ‘संतती धरणं’ आहे आणि वनस्पतिशास्त्रात एका फुलातून दुसरं फूल फुटतं त्यालाही याच कुळातला शब्द आहे. म्हणजे ‘फुटवा’ काही लांबून आणलेला नाही. आणि माजलेलं भात बांडगुळासारखं परकं नसतं. ते आपल्याच बियाण्याचं असतं, फक्त त्याला आवर राहिलेला नसतो.

एका सहकारी बाईंनी यावर आक्षेप घेतला आणि तो मला मान्य आहे. ‘माजणं’मध्ये दोष देणं आहे. पोर माजलं म्हणतात तेव्हा त्याला बोल लावलेला असतो. आजारी माणसाला त्याच्या शरीराने उर्मटपणा केला असं का ऐकवायचं? जीवघेण्या गाठीला लावतात त्या इंग्रजी ‘मॅलिग्नंट’चा मूळ अर्थही दुष्ट असाच आहे, पण तिथे जे घडलं ते आपण मुद्दाम करावं असं नाही. म्हणून वर्गात ‘माजणं’ आणि रुग्णासमोर ‘आवर नसलेली वाढ’, असं आम्ही दोघांनी ठरवलं. हाच विचार ‘प्रसार’ या शब्दाबद्दल. अण्वस्त्रांच्या बाबतीत प्रोलिफरेशनला आपण प्रसार म्हणतो आणि ‘प्रसारबंदी करार’ लिहितो. तिथे ते चालतं. पण पेशींच्या संख्येतल्या वाढीला कुणी प्रसार म्हटलं तर रुग्णाला वाटेल, आजार दुसरीकडे गेला. तो अर्थ मेटॅस्टॅसिसचा, आणि त्याला ‘पसरलंय’ हा शब्द लोकांनी आधीच देऊन ठेवला आहे. तो तेवढ्यासाठीच राखून ठेवला पाहिजे.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यात माणुसकीचा आहे. स्पष्ट शब्द सांगितला तर माणूस खचतो, म्हणून ‘ग्रोथ’ बरं. आमच्या कोकणात तर यावर आणखी एक पडदा आहे. परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून किती गावांतून किती माणसं तिथे गेली असतील! इतकी, की आता ‘टाटाला नेलंय’ एवढंच म्हणतात आणि समोरचा मान खाली घालतो. आजाराचं नाव कुणी घेत नाही. ही भीती मी कमी लेखत नाही. माझ्या घरातही ती होती. पण झाकलेल्या शब्दाने भीती कमी होते का? माझं निरीक्षण उलट आहे. शब्द नसला की विचारता येत नाही, आणि विचारता आलं नाही की माणूस मनात सगळ्यात वाईट तेच धरून बसतो. मशेरी लावणाऱ्या बाईच्या तोंडातला पांढरा चट्टा हा कॅन्सरच्या अलीकडचा टप्पा असू शकतो, तिथे थांबवता येतं. तो टप्पा सांगायला शब्द नसेल तर ती ‘काही नाही’ आणि ‘टाटा’ या दोन टोकांमध्येच अडकणार.

पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं, तेव्हा एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारी मराठी छापलं. कुणाला हटवून कुणाला बसवण्याचा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही. अहवालाचंही तसं का होऊ नये? वर जागतिक शब्द, जसाच्या तसा. खाली एक ओळ मराठी: पेशी भरल्या आहेत, की संख्येने वाढल्या आहेत, की आवर सुटला आहे, गाठ जागेवर आहे, की पसरली आहे. डॉक्टरांना ती लिहायला एक मिनिट लागेल. हे पाच-सहा शब्द कुठले, ते एकदा डॉक्टर, शिक्षक आणि आशाताईंनी मिळून ठरवावं, आणि मग सगळ्यांनी तेच वापरावेत.

त्या दिवशी एसटीत काकीच्या शेजारी बसून मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, काकी, भात माजतं ना, तशा पोटात काही पेशी आवर सोडून वाढल्या आहेत. चांगली वाढ नाही ती. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. रडली नाही. मग तिने जे विचारलं, ते कॅन्सरची पायरी ठरवताना प्रत्येक तज्ज्ञ पहिल्यांदा विचारतो: “थंयच आसा, की खंय गेला?”